तळ्यातलं पीक, नदीतलं तण

कार्तिक लागला की मंडईच्या दाराशी शिंगाडेवाले दिसू लागतात. पोत्यावर उकडून काळ्या पडलेल्या शिंगाड्यांचा ढीग, शेजारी ओल्या फडक्याखाली थोडे कच्चे, हिरवट-लाल. एक हातात घेऊन नीट पाहावा. दोन बाजूंना दोन शिंगं, मध्ये फुगीर पोट, साल चिवट. आतला गर कच्चा असताना गोडसर आणि करकरीत लागतो, उकडला की पिठूळ होतो, वाळवून दळला की उपासाचं पीठ. ज्या झाडाला हे फळ येतं त्याचं मूळ तळ्याच्या गाळात असतं. तिथून लांब देठ वर येतो आणि पाण्यावर पानांचं चक्र पसरतं. प्रत्येक पानाचा देठ मधोमध फुगलेला, आत हवा; तेवढ्या हवेवर सगळा पसारा तरंगतो. फूल पाण्यावर उमलतं, पण फळ धरलं की ते खाली पाण्यात जातं. म्हणून तोडणाऱ्याला थंडीच्या दिवसांत पाण्यात उतरून एकेक चक्र उलटं करावं लागतं आणि खालची फळं चाचपून खुडावी लागतात.

याच शिंगाड्याचा चार शिंगांचा सख्खा भाऊ १८८०च्या दशकात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, स्कोशिया गावाजवळच्या एका तळ्यात पोचला. तिथून तो मोहॉक नदीत गेला, मोहॉकमधून हडसनमध्ये, आणि पुढे शॅम्प्लेन सरोवरातही दिसू लागला. आज तिकडची सरकारं तो उपटण्यासाठी यंत्रं आणि स्वयंसेवक लावतात, तो बाळगणं वा लावणं अनेक राज्यांत गुन्हा आहे. किनाऱ्याला लागलेली त्याची वाळकी, काटेरी फळं पोहायला आलेल्यांच्या तळपायात घुसतात. झाड जवळपास तेच, पाणी गोडंच, पण तिथे ते फळ तोडायला कुणी पाण्यात उतरत नाही.

हायड्रिलाचीही तीच गत. आपल्याकडच्या तळ्यांत पाण्याखाली वाढणारी ही साधी वनस्पती शोभेच्या मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून १९५०च्या दशकात फ्लोरिडात गेली आणि तिथल्या तळ्या-कालव्यांची मोठी डोकेदुखी बनली. आता नाळीची भाजी घ्या. ओढ्याकाठी, भाताच्या बांधाला चिखलात पसरणारी, पोकळ देठांची, जांभळट पांढऱ्या फुलांची. आपल्याकडे ती जाणत्या बायका खुडून आणतात, आग्नेय आशियात तर ती रोजच्या जेवणातली भाजी. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या उपद्रवी तणांच्या यादीत मात्र तिचं नाव आहे. ही भाजी ज्या घराण्यातली आहे त्याच घराण्यातलं आपलं एकादशीचं रताळं, आणि त्याच घराण्यातली तळ्याकाठी माजलेली बेशरम. रताळं दक्षिण-मध्य अमेरिकेतून आलं आणि उपासाच्या ताटात बसलं. बेशरमही उष्ण अमेरिकेतूनच आली. तिच्या पानांत असं विष आहे की शेळ्यांनी ती बरेच दिवस खाल्ली तर त्यांच्या मज्जासंस्थेला इजा होते. एकाच घराण्यातल्या तीन वनस्पती: एक पीक, एक रानभाजी, एक निव्वळ उपद्रव.

हे सगळं इतक्या तपशिलाने सांगण्याचं कारण असं की, दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या शहरांतल्या नद्या हिरव्या होतात तेव्हा चर्चा एका झाडावर येऊन थांबते. जलपर्णी आली, जलपर्णी काढा. पुण्यात मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, कोल्हापुरात पंचगंगा, कल्याणजवळ उल्हास. बातमी तीच, छायाचित्र तेच, निविदाही तशीच. आमचं म्हणणं असं आहे की पाण्यातली वनस्पती पीक होते की तण, हे दोन गोष्टींवर ठरतं: त्या पाण्यात काय मिसळलंय, आणि त्या पाण्याच्या काठावर कुणाचा हक्क आणि हात आहे. या दोन्हींकडे पाहिल्याशिवाय झाड उपटत राहणं म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही वाहून जाऊ देणं आहे.

आधी पाण्यातलं. गोड्या पाण्यातल्या वनस्पतीला ऊन मिळतं, कर्ब मिळतो, पाण्याची तर ददात नाही. तिची वाढ बहुधा अडते ती फॉस्फरसपाशी, कधी नायट्रोजनपाशी. स्वच्छ तळ्यात फॉस्फरस इतका थोडा असतो की झाडं, शेवाळ, कीटक आणि मासे सगळे त्याच तुटपुंज्या साठ्यावर एकमेकांना आवर घालत जगतात. ही गोष्ट डोळ्यांना दिसेल अशी सिद्ध झाली ती कॅनडात. ऑन्टारिओ प्रांतातली काही छोटी सरोवरं तिथे केवळ प्रयोगांसाठी राखून ठेवली आहेत. १९७३मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या २२६ क्रमांकाच्या सरोवराच्या मधोमध, चिंचोळ्या भागात, एक जाड प्लास्टिकचा पडदा घातला. दोन्ही बाजूंना कर्ब आणि नायट्रोजन टाकला. फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. काही आठवड्यांत ती एक बाजू शेवाळाने हिरवीगार झाली, दुसरी काळीशार, नितळ राहिली. विमानातून काढलेलं ते छायाचित्र जगभर गेलं. त्या काळी कपडे धुण्याच्या पावडरींत फॉस्फेट भरपूर असायचं. ते कमी करण्याच्या कायद्यांमागे अशा प्रयोगांचं बळ होतं.

आपल्या नद्यांत हा फॉस्फरस येतो मलमूत्रातून, साबण-पावडरींतून, शेतातल्या खतांतून. एकदा आला की तो सहज जात नाही. पाण्यातून वनस्पतीत जातो, वनस्पती कुजली की गाळात बसतो, आणि तळाशी प्राणवायू संपला की गाळातून पुन्हा पाण्यात उतरतो. म्हणून सांडपाणी थांबवलं तरी जुनं तळं काही वर्षं हिरवंच राहतं. लोक वैतागतात, म्हणतात एवढा खर्च करून काय मिळालं. त्यांचा वैताग खरा आहे, पण तळ्याची आठवण माणसाच्या आठवणीहून लांब असते आणि ती गाळात असते.

अशा पाण्यासाठी जलपर्णीइतकी योग्य वनस्पती दुसरी नाही. ती मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. फिकट जांभळ्या फुलाच्या वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका, मोराच्या पिसावरच्या डोळ्यासारखा. या फुलासाठीच लोकांनी ती जगभर नेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि काही दशकांत तिथल्या नद्या, खाड्या, भातखाचरं तिने व्यापली. नावा अडल्या, पिकं बुडाली. १९३६मध्ये बंगाल सरकारला तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. एका पाणवनस्पतीसाठी कायदा करण्याची वेळ यावी, यावरून तेव्हाची हलाखी ध्यानात येईल.

जलपर्णीच्या देठातही शिंगाड्यासारखाच हवेचा फुगा असतो. फरक खाली आहे. शिंगाडा गाळाला धरून असतो. जलपर्णीला तळाशी नातं लागत नाही. तिची काळसर, पिसासारखी मुळं पाण्यात मोकळी लोंबतात आणि थेट पाण्यातूनच अन्न ओढतात. त्यामुळे खोल पाणीही तिला चालतं, वाहतं पाणीही चालतं, आणि पाण्यात अन्न जितकं जास्त तितकी ती जोमाने वाढते. बाजूला फुटवे काढत ती पसरते. चांगल्या उन्हात आणि घाण पाण्यात तिची संख्या सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. बी वेगळंच, ते गाळात वीसेक वर्षं जिवंत राहू शकतं. तिची चटई पसरली की खालच्या पाण्यात ऊन उतरत नाही, हवेतला प्राणवायू मिसळत नाही, जुनी पानं कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकतात. मासे मरतात. जलपर्णी, गोंडाळ अशा वनस्पतींच्या मुळांना नळी टोचून तिथूनच श्वास घेणाऱ्या मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या असतात, आणि हे डास केरळात हत्तीरोग पसरवत आले आहेत. वरून हिरवळ, खाली मेलेलं पाणी.

दुपटीचं हे गणित महापालिकांच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावं. पावसाचा पूर ओसरला की बहुतेक जलपर्णी वाहून गेलेली असते; काठाच्या झुडपांत, पुलाच्या खांबांना थोडी अडकून राहते. समजा नोव्हेंबरच्या सुरुवातीला नदीच्या एका पट्ट्याचा शंभरावा भाग तिने व्यापला आहे. दोन आठवड्यांनी दुप्पट, चार आठवड्यांनी चौपट. सात दुपटी म्हणजे १२८ पट; चौदा आठवड्यांत, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, पट्टा भरला. थंडीत वाढ थोडी मंदावते हे धरलं तरी मार्च उजाडू देत नाही. नोव्हेंबरात चार माणसं, एक होडी आणि दोन आठवडे पुरले असते. आपल्याकडे मात्र नदी भरल्यावर, डासांच्या तक्रारी आल्यावर फाइल हलते, काम सुरू होईपर्यंत एप्रिल येतो, यंत्रं लागतात, आणि काम अर्धवट असतानाच जूनचा पहिला मोठा पाऊस उरलेलं सगळं खाली ढकलून देतो. पुण्याहून निघालेली ती चटई भीमेत जाते आणि भीमेतून उजनीत. भिगवणचे मच्छीमार आणि उजनीचं पाणी पिणारं सोलापूर यांनी पुण्याच्या निविदेवर सही केलेली नसते.

आता दुसरा हिशेब, जो कुठल्याही अहवालात ठळक अक्षरांत छापायला हवा. जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. म्हणजे १०० टन जलपर्णी काढली की हाती येतो फक्त ५ टन कोरडा माल. त्यात फॉस्फरस अर्धा टक्का धरला तर होतो २५ किलो. माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला साधारण एक ते दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो, म्हणजे वर्षाला अर्ध्या किलोच्या आसपास. सरळ अर्थ असा: १०० टन जलपर्णी उचलून आपण नदीतून बाहेर काढतो ते पन्नास माणसांनी वर्षभरात नदीत सोडलेलं खत. पन्नास लाखांच्या वस्तीतल्या पाचव्या हिश्शाचं सांडपाणी जरी नदीत उतरत आहे असं हिशेबासाठी धरलं, तरी त्याची भरपाई करायला वर्षाला वीस लाख टन जलपर्णी काढावी लागेल. हा हिशेब ढोबळ आहे. पण त्यातला आकडा अर्ध्यावर आणला तरी निष्कर्ष हलत नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं की प्रश्न सुटला असं आपण मानतो. नेहमीच्या पद्धतीच्या केंद्रांत सेंद्रिय घाण कमी होते, वास जातो, मासा जगण्याजोगा प्राणवायू पाण्यात राहतो. हे मोठं काम आहे आणि ते पूर्ण क्षमतेने व्हायलाच हवं. पण विरघळलेला फॉस्फरस काढण्याची खास सोय त्या केंद्रात नसेल तर तो बराचसा तसाच पुढे जातो, आणि जलपर्णीला हवं असतं नेमकं तेच. नव्या केंद्रांना मंजुरी देताना बाहेर पडणाऱ्या पाण्यातल्या फॉस्फरसची मर्यादा घातली आहे का, ती रोज मोजली जाते का, हा प्रश्न नगरसेवकांनी आणि वाचकांनीही विचारावा.

भुंगेऱ्यांचा उपाय अनेकदा सुचवला जातो, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. जलपर्णीच्या मूळ प्रदेशातले, तिच्यावरच जगणारे दोन जातींचे भुंगेरे १९८०च्या दशकात बंगळुरूला आणून सोडले गेले. प्रौढ भुंगेरा पान कुरतडतो, अळी देठ पोखरते. साल्व्हिनिया नावाच्या तरंगत्या नेच्यावर तर याच वाटेने मोठं यश मिळालं: आधी केरळात, आणि अलीकडे मध्य प्रदेशात, जिथे जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने कटनी जिल्ह्यातल्या एका गावतळ्यावर सोडलेल्या भुंगेऱ्यांनी सुमारे दीड वर्षात तळं मोकळं केलं. पण हा उपाय साचलेल्या पाण्याचा आहे. ज्या नदीला दर जूनमध्ये पूर येतो आणि झाडांसकट भुंगेरे वाहून जातात, जिथे खतावलेल्या पाण्यात झाड किड्यापेक्षा वेगाने वाढतं, तिथे त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. जलपर्णीच्या टोपल्या, कागद, खत, बायोगॅस यांबद्दलही असंच म्हणावं लागेल. बांगलादेशातल्या बारिसाल-पिरोजपूरकडचे शेतकरी जलपर्णीचे तराफे रचून त्यावर भाज्या पिकवतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१५मध्ये त्या पद्धतीला कृषी वारशाचा दर्जा दिला. ती पूरग्रस्त माणसांची खरी हुशारी आहे. शहरातल्या नदीतून काढलेल्या जलपर्णीत मात्र कारखान्यांचे जड धातूही उतरलेले असू शकतात. त्यामुळे तिचं खत पालेभाजीला घालण्याआधी तपासणी झालीच पाहिजे.

इथवर नदीचं झालं. आता पूर्व विदर्भात जाऊ, कारण या विषयातला सर्वांत मोलाचा धडा तिथे आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या जिल्ह्यांत सहा हजारांच्या वर जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या कारागिरीतून त्यातले कित्येक बांधले गेले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि 'माजी मालगुजारी तलाव' या कागदी नावाचं लोकांनी 'मामा तलाव' करून टाकलं. या तलावांवर भात पिकतो, गुरं पाणी पितात, आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची घरं चालतात. ढिवरांचा तलाव म्हणजे नुसते मासे नव्हेत. काठाच्या उथळ पाण्यात देवभात म्हणजे रानटी भात, मध्ये पोयणी आणि कमळ, त्यांचे कांदे, कमळकाकडी, शिंगाडा, काठावर रानभाज्या. बाया चिखलात पायाने चाचपून कंद काढतात. उन्हाळ्यात घरात दाणा कमी असतो त्या दिवसांत हे कंद उकडून खाल्ले जातात. शिंगाड्याच्या पानांवरून कमळपक्षी चालतो, आणि राज्यात आता फक्त याच भागात उरलेला सारस याच तलावांच्या उथळ कडेला उतरतो.

पाण्याखाली हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा वनस्पतींची दाटी असायची. त्यांच्या पानांना मासे अंडी चिकटवतात, पिल्लं त्यांत लपतात, त्यांच्यावरच्या किड्यांवर जगतात. मग जास्त उत्पादनाच्या नावाने बाहेरचे मासे सोडले गेले. त्यात गवत्या होता. गवत्या पाण्यातलं गवत खातो, हेच त्याचं काम. ज्या तलावाला पाण्याखालच्या जंगलाची गरज आहे तिथे त्याने ते जंगल साफ केलं. काठाला बेशरम माजली, तलावाचं उथळ अंग तिने गिळलं. स्थानिक मासे कमी होत गेले. मासे गेले की मच्छी सोसायटीकडे पैसा नाही, सोसायटीकडे पैसा नाही तर तलावाकडे पाहायला कुणी नाही.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांच्याबरोबर ढिवर समाजातली माणसं, विशेषतः बाया, गेली अनेक वर्षं या तलावांवर काम करत आहेत. त्यांनी केलं ते ऐकायला अगदी साधं वाटेल. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बेशरम मुळापासून खणून काढायची, कारण तुकडा राहिला तरी ती पुन्हा फुटते. मोकळ्या झालेल्या जागेत नांगर फिरवायचा. ज्या तलावांत जुन्या वनस्पती टिकून आहेत तिथून रोपं, कंद, वेली आणून उन्हाळ्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या सुमारास लावायच्या. कुठल्या माशाला कुठली वनस्पती लागते हे ज्ञान पुस्तकात नव्हतं, जुन्या ढिवरांकडे होतं. ते गोळा करून त्याप्रमाणे लावणी झाली. काही वर्षांत पाण्याखालचं जंगल परत उभं राहिलं आणि त्यामागोमाग स्थानिक मासेही परतले.

फ्लोरिडात ज्या हायड्रिलावर औषधं फवारली जातात, ती इथे बाया हाताने लावत आहेत. दोन्ही ठिकाणची माणसं आपापल्या जागी बरोबर आहेत. इथे तिला खाणारे, तिच्यात वाढणारे, तिला आवर घालणारे जीव आहेत आणि तिच्यावर पोट असणारी माणसं आहेत. पाण्याखालच्या अशा वनस्पती गाळ धरून ठेवतात, पाणी निवळतात, शेवाळाच्या तोंडचं अन्न घेतात. त्या गेल्या की निवळ तळं गढूळ होतं आणि गढूळ झालेलं तळं आपणहून सहसा परतत नाही. तलाव 'स्वच्छ' करण्याच्या आपल्या सरकारी कल्पनेत ही समज मुळीच नाही. तलाव स्वच्छ म्हणजे झाडं नसलेला, काठ दगडाने बांधलेला, भोवती फिरायला फरशी घातलेली. गाळ काढण्याच्या योजनांतही तेच होतं. गाळ काढायलाच हवा, त्याबरोबर साचलेला फॉस्फरसही निघतो आणि शेताला चांगली माती मिळते. पण पोकलेन लावून काठापासून काठापर्यंत उभी खोल खोदाई केली की देवभाताची, कंदांची, सारसाची उथळ जागा संपते, आणि गाळातले कंदही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेतात जाऊन वाळतात. गाळ काढण्याआधी तलावाचा कुठला भाग राखायचा हे सोसायटीतल्या माणसांना आणि कंद काढणाऱ्या बायांना विचारावं. एका सकाळचं काम आहे.

बिहारमधल्या मिथिलेचं उदाहरण इथे आठवतं. दरभंगा-मधुबनीच्या तळ्यांत मखाण्याची काटेरी ताटासारखी पानं तरंगतात, बी तळाच्या चिखलात पडतं, आणि मल्लाह समाजाची माणसं बुडी मारून ते गोळा करतात. २०२२मध्ये मिथिला मखाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मखाणा मंडळाची घोषणा झाली. बुडी मारणाऱ्याच्या हाती त्यातलं किती उरतं हा प्रश्न तिथे आहेच. तरी पाण्यातलं झाड हे पीक आहे, त्याला संशोधन, बियाणं, विमा, बाजार लागतो, एवढं सरकारदरबारी मान्य झालं. आपल्या शिंगाड्याला, कमळकाकडीला, देवभाताला हे मिळालेलं नाही. तलावाचा ठेका माशांचा हिशेब धरून दिला जातो; कंद आणि भाजी त्यात धरलीच जात नाही, म्हणून ती नष्ट झाली तर नुकसान कुणाच्या वहीत लिहिलं जात नाही.

खाणाऱ्याच्या तब्येतीचा मुद्दाही इथेच येतो. तळ्यात मैला किंवा डुकरांची घाण उतरत असेल तर एका चपट्या आतड्याच्या कृमीची पिल्लं गोगलगायीतून निघून शिंगाड्याच्या सालीवर चिकटतात. दातांनी कच्चा शिंगाडा सोलणाऱ्याच्या पोटात ती जातात. बिहार-उत्तर प्रदेशात हा आजार नोंदला गेला आहे. उकळत्या पाण्याने कृमी मरतो. शहरी नाल्याकाठच्या अळूतले जड धातू मात्र शिजवून जात नाहीत. म्हणजे पुन्हा तेच: ज्या पाण्यातून आपण खातो ते पाणी राखावं लागतं, आणि ज्या पाण्यातून कुणीच काही खात नाही त्याची खबर सगळ्यात उशिरा लागते. मुळा-मुठेच्या काठावर आज असं कोण आहे, ज्याच्या घरात त्या पाण्यातलं काही शिजतं?

तातडीने करण्याजोगं बरंच आहे. नदीकाठच्या महापालिकांनी जलपर्णीचं काम दिवाळीनंतर लगेच सुरू करावं, वर्षभराचा ठेका देऊन. पैसे काढलेल्या टनांवर न देता मोकळ्या राहिलेल्या पट्ट्यावर द्यावेत, म्हणजे ठेकेदाराला ती वाढू देण्यात फायदा उरणार नाही. शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या फॉस्फरसचे आकडे दर महिन्याला जाहीर व्हावेत. मामा तलावांच्या ठेक्यात पाणवनस्पतींचा हक्क ढिवर सोसायट्यांना आणि बायांच्या गटांना स्पष्ट लिहून द्यावा, निस्तार हक्कांच्या, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या, जुन्या नोंदी त्यासाठी उघडाव्यात, आणि गवत्या सोडण्याआधी गावाची लेखी संमती घ्यावी. बेशरम काढणं आणि पाणवनस्पती लावणं ही रोजगार हमीची कामं म्हणून धरता येतील. दोन्ही हाताने करायची आहेत आणि दोन्ही उन्हाळ्यातच येतात, जेव्हा गावात दुसरं काम नसतं.

यंदाच्या उन्हाळ्यातही गोंदियाकडे तलावांचं पाणी खाली जाईल, काठाचा चिखल भेगाळेल. बाया सकाळी लवकर उतरतील, ऊन चढायच्या आत. टोपलीत शेजारच्या तलावातून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेल्या वेली आणि चिखल लागलेले कंद असतील. ओला पट्टा जिथे अजून आहे तिथे टाचेने खळगा करायचा, कंद ठेवायचा, वर पायाने चिखल ओढायचा, आणि हातभर पुढे सरकायचं.